२० ते ५० केबीतला माणूस

वडिलोपार्जित वाटणीत आमच्याकडे कुणाला आंब्याची झाडं मिळाली, कुणाला ओसरीवरचा झोपाळा, धाकट्या काकांना कोर्टात चालू असलेला बांधाचा दावा. माझ्या वाट्याला फोटो लहान करून देण्याचं काम आलं. ते कुणी दिलं याची नोंद सातबाऱ्यावर नाही. पण भाचा, पुतणी, साडू आणि साडूची मेहुणी (म्हणजे आमचीच सौ., पण अर्ज भरताना ती त्या बाजूची असते) यांच्या मनात माझ्या हक्काबद्दल तिळमात्र शंका नाही. भरतीची जाहिरात निघाली, प्रवेशफेरी सुरू झाली, की फोन येतो. "मामा, फोटो मोठा आहे म्हणतंय." कोण म्हणतंय, ते विचारायची पद्धत नाही.

कामाला माझी ना नाही. रिकामा माणूस आहे, करतो. पण ज्या गोष्टी लहान हव्यात त्या आमच्याकडे मोठ्या का येतात, ज्या मोठ्या राहायला हव्यात त्या वाटेत कोण छाटतं, आणि दोन्हीकडच्या निस्तरण्याला मीच का, एवढं कुणी समजावून सांगितलं तर बरं होईल. कुणी समजावून सांगत नाही, म्हणून लिहून ठेवतो.

बँकांच्या भरतीचा अर्ज घ्या. उमेदवाराचा फोटो २०० गुणिले २३० पिक्सेल, २० ते ५० केबी. सही १४० गुणिले ६० पिक्सेल, १० ते २० केबी. डाव्या अंगठ्याचा ठसा, पुन्हा २० ते ५० केबी. शिवाय स्वतःच्या हाताने इंग्रजीत लिहिलेलं प्रतिज्ञापत्र, ५० ते १०० केबी. सही कॅपिटल अक्षरांत केलेली चालणार नाही, अशी वेगळी तंबी. आमचा भाचा मराठीत सही करतो. देवनागरीत कॅपिटल अक्षरं नसल्यामुळे या एका अटीतून तो जन्मतःच सुटला आहे. उरलेल्या अटींत देवनागरीचा काही उपयोग होत नाही.

भाच्याने कॅमेऱ्यासाठी म्हणून हप्त्यावर फोन घेतलेला आहे. फोटो १२ मेगापिक्सेलचा निघतो. चार हजार गुणिले तीन हजार, म्हणजे एक कोटी वीस लाख ठिपके. फाइल तीन-चार एमबीची. अर्जाला हवेत ४६ हजार ठिपके. दर २६० ठिपक्यांतले २५९ काढून टाकायचे आणि जो एक उरेल त्यात भाच्याचं नाक, भुवया आणि नोकरीची तळमळ बसवायची. बसवतो. आणि इथे खरी गंमत सुरू होते. २०० गुणिले २३०चा पासपोर्ट फोटो, मागे पांढरी भिंत, नेहमीच्या दर्जात साठवला, तर तो बहुधा दहा-बारा केबीचाच होतो. अर्ज म्हणतो, फोटो लहान आहे. २० केबीच्या खाली घेत नाहीत. मग सकाळपासून ज्या फोटोची चरबी उतरवली त्यालाच संध्याकाळी खुराक सुरू करायचा. दर्जाचा काटा शंभरावर नेऊन ठेवायचा, म्हणजे फाइल २० केबीच्या वर जाते. चित्रात काही सुधारणा झालेली नसते. पांढरी भिंत तेवढी जास्त इमानदारीने पांढरी साठवली जाते.

बरं, केबी म्हणजे किती, यावरही एकमत नाही. विंडोज १०२४ बाइटांचा एक केबी धरते. ॲपलचे संगणक २००९ पासून सरळ १००० बाइटांचा धरतात. ५०,९०० बाइटांचा फोटो एका संगणकावर ४९.७ केबीचा दिसतो आणि दुसऱ्यावर ५०.९चा. भाचा माझ्याकडे असतो तेव्हा फोटो नियमात असतो. पुतणीच्या संगणकावर गेला की तोच फोटो नियमबाह्य होतो. अर्ज यातला कोणता हिशेब मानतो, हे सूचनापत्रिकेच्या ४२ पानांत कुठेही लिहिलेलं नसतं. पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने सही करावी, हे मात्र तीनदा लिहिलेलं असतं.

एका गोष्टीचा विचार मी अनेकदा केला आहे. चार एमबीचा फोटो घेऊन त्याचा ४० केबीचा करायला आजच्या संगणकाला पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही. हे काम फोटो वर चढायच्या आधी, उमेदवाराच्याच ब्राउझरमध्ये, त्याच्या नकळत होऊ शकतं. चार ओळी लिहिल्या की झालं. त्या चार ओळी एकदा एकाने लिहिल्या असत्या तर लाखो उमेदवारांच्या लाखो मामांना रविवार मिळाला असता. एका माहीतगार गृहस्थांना मी हे विचारलं. ते म्हणाले, "सर्व्हरवर लोड येतो ना." मी मान डोलावली. लोड कुणावर तरी यायलाच हवा.

पुतणीची अडचण निराळी. तिचा फोन महागातला, ॲपलचा आहे. त्या कंपनीचे फोन २०१७ पासून फोटो एचईआयसी नावाच्या साच्यात साठवतात. तोच फोटो, तोच दर्जा, पण फाइल जवळपास निम्मी. म्हणजे फाइल लहान हवी, अशी ज्या अर्जाची सारखी भुणभुण, त्याच्यासाठी हा आदर्श उमेदवार. अर्ज म्हणतो, हा प्रकार स्वीकारला जात नाही. मग त्या आटोपशीर फाइलचा आधी जेपीजी करायचा, ती दुप्पट फुगते, आणि फुगलेली पुन्हा दाबून अर्जात कोंबायची. पुतणीने मधल्या मध्ये एक शक्कल काढली होती. फाइलच्या नावापुढचं एचईआयसी खोडून तिथे जेपीजी लिहिलं. अर्जाने ती विनातक्रार घेतली. हॉलतिकिटावर फोटोच्या जागी एक रिकामा चौकोन आला, खाली तिची सही. चौकोनाचा आकार नियमाप्रमाणे होता.

ज्यांना मामा नाही त्यांच्यासाठी झेरॉक्सचं दुकान असतं. लॅमिनेशन आणि पॅनकार्ड यांच्या मधे पाटी असते: 'फोटो-सही साइज कमी करून मिळेल.' फोटोचे वीस, सहीचे दहा. दुकानातला मुलगा पेंट उघडतो, चित्र ५० टक्के करतो, पुन्हा ५० टक्के करतो, आणि अर्ज गप्प होईपर्यंत करत राहतो. लांबी-रुंदीचं प्रमाण राखण्यासाठी तिथे एका चौकटीत टिक असते. ती तो काढून टाकतो, कारण ती ठेवली तर २०० आणि २३० हे दोन्ही आकडे एकदम जुळत नाहीत. त्यामुळे आमच्या तालुक्यात गेली काही वर्षं हॉलतिकिटांवर उभट चेहऱ्याची माणसं वाढली आहेत. परीक्षेच्या खोलीत पर्यवेक्षक तिकिटाकडे बघतात, मुलाकडे बघतात, तिकीट थोडं तिरपं धरतात आणि सही करतात. त्यांच्याही घरी कुणीतरी अर्ज भरत असतं.

त्याच दुकानातल्या संगणकाच्या पडद्यावर 'न्यू फोल्डर (४)' नावाची पेटी असते. तिच्यात गावातल्या निम्म्या कुटुंबांची आधार कार्डं असतात. ज्यांना दुकानात जाण्याचा संकोच वाटतो ते इंटरनेटवर एखादं फुकटचं ठिकाण शोधतात. तिथे फोटो टाकला की ५० केबीचा होऊन मिळतो. सही टाकली की २०चा. अंगठा, आधार, पॅन, सगळं तिथे लहान होतं. हे ठिकाण कुणाचं, कुठल्या देशातलं, मूळ प्रतींचं ते पुढे काय करतं, याची चौकशी कुणी करत नाही. एरवी हीच मंडळी रिक्षावाल्याला घराचा नेमका पत्ता सांगत नाहीत, कोपऱ्यावर उतरतात.

एवढं दाबूनही चेहरा ओळखू येतो, याचं श्रेय ज्यांना जातं त्यांच्याविषयी दोन शब्द लिहायला हवेत. नसीर अहमद हे मूळचे बंगळूरचे, जन्म १९४०चा. अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत असताना त्यांच्या डोक्यात एक गणिती कल्पना आली. तिचं नाव डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म. १९७२ साली त्यांनी तिच्यावर काम करण्यासाठी तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदानाचा अर्ज केला. तो नामंजूर झाला. कल्पना फारच सोपी आहे, असं परीक्षकांचं मत पडलं. अर्ज फेटाळले जाण्याचा अनुभव त्यांनाही होता तर, फक्त त्यांचं कारण केबीत मोजता येणारं नव्हतं. त्यांनी पैशांशिवाय काम केलं, आणि जानेवारी १९७४ मध्ये टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्याबरोबर चार पानांचा निबंध छापला. १९९२ साली जेपीईजीचं मानक ठरलं, त्याच्या पोटात हीच सोपी कल्पना आहे. आज भाच्याच्या फोटोपासून मंत्र्यांच्या फोटोपर्यंत सगळं तिच्यावर चाललं आहे.

तिची रीत अशी. चित्राचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे चौकोनी तुकडे पाडायचे. प्रत्येक तुकड्यात सावकाश बदलणारा भाग किती आणि बारीकसारीक कलाकुसर किती, ते वेगळं काढायचं. डोळ्याला ठळक गोष्टी दिसतात, बारीक खळखळ फारशी दिसत नाही, म्हणून त्या कलाकुसरीचे आकडे ढोबळ करून टाकायचे, बरेचसे शून्यच करायचे. रंगाच्या बाबतीत डोळा आणखी आळशी आहे. उजेड-अंधार तो नीट पाहतो, रंग अंदाजाने. म्हणून रंगाची माहिती बहुधा निम्म्या किंवा चौथाई मापातच ठेवतात. माणसाच्या डोळ्यात जे दोष आहेत त्यांचा इतक्या पद्धतशीरपणे फायदा घेतलेला दुसरा धंदा माझ्या पाहण्यात साड्यांच्या दुकानातल्या दिव्यांचा आहे.

माणसाच्या चेहऱ्याला हे चालतं. अक्षराला चालत नाही. अक्षराची कड धारदार असते, आणि धारदार कड म्हणजेच ती बारीक कलाकुसर, जी सगळ्यात आधी ढोबळ होते. अक्षराभोवती धुरकट कोळिष्टकं दिसू लागतात. त्यातून देवनागरी. शिरोरेखा टिकते, कारण ती दांडगी आहे. अनुस्वार जातो, रफार जातो, ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न तर कायमचा मिटतो. आमच्या सोसायटीत सूचना टाइप करून पाठवायची पद्धत नाही. सेक्रेटरी साहेब ती टाइप करतात, छापतात, सही-शिक्का मारतात, फलकावर लावतात आणि फलकाचा फोटो ग्रुपवर टाकतात. फलकाला काच आहे. काचेत सेक्रेटरी साहेब दिसतात, मागची स्कूटर दिसते. पाणी ५ वाजता बंद होणार की ६ वाजता, एवढंच दिसत नाही. मग पंचवीस जण विचारतात, "किती वाजता?" आणि साहेब उत्तरादाखल तोच फोटो पुन्हा टाकतात.

हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर कार्यालयांत चालतो, आणि माझं खरं दुखणं तिथे आहे. परिपत्रक संगणकावर तयार होतं. एक पान, साधारण दीड हजार अक्षरं. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला संगणक तीन बाइट देतो, म्हणजे सगळा मजकूर साडेचार केबीचा झाला. उमेदवाराच्या सहीपेक्षा हलका. हे पान मग छापलं जातं, त्यावर सही होते, आणि ते स्कॅनरवर ठेवलं जातं. स्कॅनर कुणीतरी पहिल्या दिवशी ६०० डीपीआयवर आणि रंगीत लावून ठेवलेला असतो. रंगीत कशाला, तर शिक्का जांभळा आहे. ए-४ आकाराचं पान ६०० डीपीआयने वाचलं की साडेतीन कोटी ठिपके होतात, न दाबता धरले तर १०४ एमबी. दाबून-बिबून संकेतस्थळावर जी पीडीएफ चढते ती आठ-दहा एमबीची असते, आणि आडवी. परिपत्रकाचा विषय: अर्जदारांनी कागदपत्रे १०० केबीच्या आत सादर करणेबाबत.

हे मी जिथे वाचलं ते कार्यालय कोणतं, ते सांगत नाही. पान सरळ करून वाचायला मान वाकडी करावी लागली, एवढं पुरे.

ईमेलने पाठवायचं तर तिथे दुसरा घोळ. २५ एमबीपर्यंतची जोडपत्रं चालतात असं म्हणतात. तुम्ही २२ एमबीची जोडता, तर नाही म्हणतं. याचं कारण असं की ईमेल मुळात साध्या इंग्रजी अक्षरांपुरती बेतलेली होती. चित्र असो, पीडीएफ असो, वाटेत तिचं अक्षरांच्या लांबलचक माळेत रूपांतर करावं लागतं आणि त्यात वजन एकतृतीयांशाने वाढतं. म्हणजे २५च्या मापात प्रत्यक्षात १८-१९ एमबीचं सामान बसतं. पाव किलोला पाव किलो न मिळण्याची आपल्याला सवय आहे, पण भाजीवाली निदान वर दोन मिरच्या टाकते.

दाबादाबीत नुसतं धूसर झालं तर निभावतं. २०१३ साली जर्मनीत डेव्हिड क्रीझेल नावाच्या संगणकतज्ज्ञाने बांधकामाचा एक नकाशा झेरॉक्स कंपनीच्या यंत्रावर स्कॅन केला. खोल्यांची क्षेत्रफळं वेगवेगळी होती, एक १४.१३ चौरस मीटर, एक २१.११. स्कॅन झालेल्या प्रतीत दोन्हीवर १४.१३ लिहिलेलं होतं, आणि स्वच्छ, सुबक आकड्यांत. फाइल लहान करण्यासाठी ते यंत्र सारख्या दिसणाऱ्या खुणा एकदाच साठवत होतं आणि तीच खूण ठिकठिकाणी वापरत होतं. कधी त्याला ६ आणि ८ सारखेच वाटायचे. कंपनीने पुढे दुरुस्ती पाठवली. ज्या कंपनीचं नाव आपण प्रत्येक गल्लीतल्या पाटीवर बिनपैशांनी लावतो आणि ज्या कागदाला 'खरी नक्कल' म्हणून शिक्का मारून घेतो, तिथे हे झालं. मी हे आमच्या तलाठ्यांच्या कानावर घातलं नाही. बांधाच्या दाव्यात काकांची बाजू आधीच नाजूक आहे.

आता उलट बाजू. घरगुती फोटो.

नातवाच्या बारशाला कुणीतरी सुंदर फोटो काढतो. पाळणा, आत्याची फुंकर, कोपऱ्यात पणजीबाई. फोटो चार एमबीचा असतो. तो ग्रुपवर टाकला की ॲप कुणालाही न विचारता त्याला कात्री लावतं आणि दोनशे-तीनशे केबीवर आणून ठेवतं. मूळ दर्जात पाठवायची सोय आहे: फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायचा. हे मी घरात सर्वांना समजावलं आहे, एकदा पाटीवर खडूने काढूनही दाखवलं आहे. "एवढं कोण करत बसतंय," असं उत्तर आलं. तो छाटलेला फोटो काकू फोनमध्ये जपत नाहीत. त्याचा स्क्रीनशॉट काढतात आणि पुढे पाठवतात. तिथून वहिनी त्या स्क्रीनशॉटचा स्क्रीनशॉट काढतात. दर वेळी आठ गुणिले आठचे तुकडे नव्याने पडतात, दर वेळी काही आकडे ढोबळ होतात, आणि गेलेलं परत येत नाही. पणजीबाई पहिल्याच फेरीत भिंतीत विरल्या. शेवटी जो फोटो माझ्याकडे आला त्यात पाळण्याच्या वर काकूंच्या फोनची बॅटरी ९ टक्के होती, हे अगदी स्पष्ट वाचता येत होतं.

शुभ सकाळ मात्र शाबूत पोचते. सूर्य, कमळ, वाफाळता चहा आणि खाली सुविचार. २०१८च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या वॉल स्ट्रीट जर्नलने बातमी दिली होती की भारतातल्या लोकांचे फोन सारखे का भरतात याचा गुगलचे संशोधक शोध घेत होते, आणि त्यांना सापडलं ते हेच. त्यांनी अशी चित्रं वेचून पुसून टाकण्याची सोयही काढली. आमच्याकडे ती वापरत नाहीत. साडूंच्या फोनमध्ये जागा संपते तेव्हा ते आधी स्वतः काढलेले फोटो पुसतात. सुविचार पुसायला हात धजत नाही म्हणतात, त्यात देव असतात.

संकेतस्थळांचं थोडक्यात सांगतो. एका शाळेच्या संकेतस्थळावर उघडल्या उघडल्या संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो येतो. दिसतो टपाल तिकिटाएवढा, पण आहे सहा एमबीचा. चित्र लहान करून चढवलेलं नाही. मोठंच चढवून, लहान दाखव, असं पानाला सांगितलं आहे. त्यामुळे फोन आधी सगळे सहा एमबी उतरवून घेतो आणि मग त्याचं तिकीट करतो. गावाकडे नेटवर्क कधीकधी सेकंदाला १०० किलोबिट देतं. त्या वेगाने सहा एमबी उतरायला आठ मिनिटं लागतात. त्यातून फोटो वरून खाली ओळीओळीने उमटतो. आधी आकाश, मग टोपी. कपाळ यायला बराच वेळ जातो. सगळं चित्र आधी पुसट दाखवून मग हळूहळू स्पष्ट करण्याची सोय जेपीईजीत १९९२ पासून आहे; ती वापरली असती तर निदान अध्यक्ष आहेत एवढं लगेच कळलं असतं. पालकाला प्रवेशाची शेवटची तारीख पाहायची असते. ती फोटोच्या खाली आहे.

मोठा फोन घेतल्याने फरक पडतो असंही नाही. १०८० गुणिले २४०० ठिपक्यांचा पडदा म्हणजे जेमतेम २६ लाख ठिपके. त्यावर एक कोटी वीस लाखांचा फोटो दाखवला तरी चौथ्या हिश्शाहूनही कमी दिसतो. दुकानदार आता २०० मेगापिक्सेलचा फोन दाखवतात. भाच्याने चौकशी करून ठेवली आहे. नोकरी लागली की घेणार आहे.

या सगळ्याचा निकाल लागला मावशीच्या पंचाहत्तरीला. गल्लीतल्या मुलांनी चौकात फ्लेक्स लावायचा ठरवला आणि मावशीचा 'क्लिअर' फोटो मागितला. मावशीचे फोटो सगळ्यांकडे होते. सगळ्यांनी पाठवले. सगळे एकच निघाले: तिच्या डीपीचा, ६४० ठिपक्यांचा. मूळ फोटो साडूंनी काढला होता आणि कमळांना जागा करण्यासाठी साडूंनीच पुसला होता. फ्लेक्सवाला म्हणाला, "काळजी करू नका, एआयने करून देतो." त्याने करून दिला. खरंच क्लिअर होता. मावशीच्या डाव्या कानात एक कुडी होती आणि उजव्यात दुसरीच, हनुवटीवरचा तीळ गेला होता, आणि गेल्या दिवाळीत काढलेले दोन दात परत आले होते. मावशीने चष्मा लावून नीट पाहिलं आणि विचारलं, "ही कोण?"

मग जुनाच लावला. चार फूट रुंदीत ६४० ठिपके पसरले की एक ठिपका जवळजवळ दोन मिलिमीटरचा होतो, आणि आठ ठिपक्यांचा चौकोन दीड सेंटिमीटरचा. नसीर अहमदांचं गणित इतक्या उघडपणे कुठल्या विद्यापीठातही मांडलेलं नसेल. रस्त्याच्या पलीकडून मावशी ओळखू येते. अलीकडून चौकोन ओळखू येतात.

फ्लेक्सच्या तळाशी शुभेच्छुकांची रांग आहे. अठरा जण, प्रत्येक जण पोस्टकार्डाएवढा. फ्लेक्सवाल्याने मला फाइली दाखवल्या. एकेक जण दहा-बारा एमबीचा, भाड्याच्या मोठ्या कॅमेऱ्याने काढलेला, आणि न चुकता डॉक्युमेंट म्हणून पाठवलेला. तिसऱ्या शुभेच्छुकाच्या गॉगलमध्ये फोटो काढणारा मुलगा दिसतो, त्याच्या शर्टाच्या गुंड्या मोजता येतात.